दोन कंदांचा ताळेबंद

महाशिवरात्रीच्या आदल्या सकाळी पुण्याच्या मंडईत जो कोणी फेरी मारील, त्याला एरवी भाज्यांच्या ढिगांआड अंग चोरून पडलेले रताळे त्या एका दिवसापुरते मोठ्या थाटाने दर्शनी जागेवर विराजमान झालेले दिसेल. करमाळ्याकडची आणि बेळगावकडची पोती सुटलेली असतात, तांबूस सालीवरची माती अजून ओलसर असते, आणि बारमाही बैठक मारून बसलेल्या शेजारच्या बटाट्याकडे गिऱ्हाईक त्या दिवशी रताळी घेऊन झाल्यावरच वळते. आमच्या घरी उपवासाच्या दिवशी दोन पातेली शेजारी शेजारी चढत. एकात जिरे, हिरवी मिरची आणि दाण्याचे कूट घातलेली बटाट्याची भाजी. दुसऱ्यात तुपावर परतून गूळ घातलेल्या रताळ्याच्या काचऱ्या, ज्यांच्यावरच्या झाकणात आजी पाणी ओतून ठेवी आणि त्या पाण्याला वाफ धरू लागली की झाकण न काढताच आतल्या काचरीची कड पारदर्शक झाली असणार हे ओळखी. पहिल्या पातेल्यातले कितीही मागावे, मिळे. दुसऱ्याच्या वेळी मात्र तिचा हात आखडे. "रताळं जड असतं रे, बटाट्यासारखं खाऊ नकोस," एवढेच तिचे कारण.

हे 'जड' म्हणजे काय, याचा उलगडा मला पुढे पुष्कळ वर्षांनी पोषणशास्त्राची कोष्टके चाळताना झाला, आणि तोही अर्धवटच. आयुर्वेदाने अन्नाची वाटणी करताना गुरू आणि लघू हे दोन गुण मानले. त्यांतला गुरू म्हणजे पोटाला जड. वाण्याच्या तराजूत जड ठरते ते निराळे; आणि गेल्या सव्वाशे वर्षांत ज्या तिसऱ्या तराजूने सारे जग अन्न मोजू लागले आहे, त्या उष्मांकाच्या, म्हणजे कॅलरीच्या तराजूतले जडपण आणखी निराळे. बटाटा आणि रताळे यांना या तिसऱ्या तराजूत घालायचे, वजनास वजन न लावता उष्मांकास उष्मांक लावून पाहायचे, तर आधी या दोघांची आणि मग त्या तराजूचीही कुळकथा सांगितली पाहिजे.

दोघांचे नाते लोक समजतात तसे मुळीच नाही. बटाटा हा वांगे, मिरची आणि टोमॅटो यांच्या कुळातला. जमिनीखाली फुगलेले ते खोड आहे, आणि त्याचे डोळे म्हणजे त्या खोडावरचे कोंब. रताळे ही मुळी आहे, आणि कोकणच्या पुळणीवर जांभळी फुले मिरवीत पसरणारी मर्यादवेल ही त्याची सख्खी नातलग. दोघांची जन्मभूमी अमेरिका खंड, दोघेही युरोपीय दर्यावर्दी लोकांच्या गलबतांतून जगभर गेले, एवढेच काय ते साम्य; आणि याच साम्यापायी नावांचा जो घोटाळा झाला, त्याचा निवाडा आजतागायत लागलेला नाही. कॅरिबियन बेटांवरील ताइनो लोकांच्या बोलीत 'बटाटा' हे नाव होते रताळ्याचे. स्पॅनिश आणि पोर्तुगीज लोकांनी कंद उचलला तसे नावही उचलले. पुढे पेरूच्या पर्वतप्रदेशातला दुसरा कंद युरोपात आला तेव्हा त्यालाही तेच नाव चिकटले, आणि मूळ मालकाला आपल्या नावाला 'गोड' हे विशेषण जोडून घेण्याची पाळी आली. इंग्लंडात जॉन जेरार्डने १५९७ साली छापलेल्या वनस्पतिग्रंथात रताळे हाच साधा 'पोटॅटो' आहे, आणि आजचा बटाटा 'व्हर्जिनियाचा' म्हणून परक्यासारखा निराळा नोंदलेला आहे. पोर्तुगिजांच्या संगतीत राहिलेल्या आपल्या पश्चिम किनाऱ्याने, म्हणजे कोकणी, मराठी आणि गुजराती या भाषांनी, 'बटाटा' हा शब्द स्वीकारला. उत्तरेने मात्र कोणत्याही कंदाला लागू पडणाऱ्या 'आलु' या जुन्या संस्कृत नावावर भागवले.

मग नावाला मुकलेल्या रताळ्याने काय केले? त्याने आपल्याकडच्या एका जुन्या वतनदाराचे वतन बळकावले. संस्कृतातला रक्तालु हा आपल्या देशातला जुना कंद. त्याच्या नावाचा अपभ्रंश 'रताळू' गुजरातीत अजून जिवंत आहे, पण तिथे त्याचा अर्थ उंधियूत पडणारे जांभळे कोनफळ असा होतो, आणि रताळ्याला गुजराती माणूस शक्करिया म्हणतो. आपल्याकडे कोनफळ हे कोनफळच राहिले आणि रक्तालूची गादी तांबड्या सालीच्या परदेशी पाहुण्याला मिळाली. म्हणजे मराठी स्वयंपाकघरात रताळ्याचे नाव बटाट्याकडे आणि कोनफळाचे नाव रताळ्याकडे अशी दुहेरी बदली झालेली आहे. सुरण, करांदे, कणगर, अळकुड्या ही आमची जुनी रयत जागच्या जागी राहिली. सनद मिळाली ती बाहेरून आलेल्या दोघांना.

या घोटाळ्यामुळे बटाट्याच्या आगमनाची मिती ठरवणे फार अवघड झाले आहे. जहांगीराच्या दरबारी आलेला इंग्रज वकील सर टॉमस रो याचा पाद्री एडवर्ड टेरी याने दरबारातल्या आसफखानाच्या मेजवानीचे वर्णन केले आहे, त्यात उत्तम शिजवलेल्या 'पोटॅटो'चा उल्लेख येतो, आणि त्यावरून बटाटा सतराव्या शतकाच्या आरंभीच हिंदुस्थानात पोहोचल्याचे लिहिण्याचा प्रघात आहे. परंतु त्या काळच्या इंग्रजाच्या तोंडी त्या शब्दाचा अर्थ रताळे असाच असण्याचा संभव अधिक. आणि त्याच शतकाच्या उत्तरार्धात आलेल्या जॉन फ्रायर या इंग्रज प्रवाशाने पाहिलेल्या बागांतल्या कंदांबद्दलही तीच शंका घेता येते. माझे मत विचाराल तर त्या मेजवानीत खानसाहेबांच्या पाहुण्यांनी रताळेच खाल्ले असावे.

आपल्या इलाख्यात बटाट्याने खरे पाय रोवले ते कंपनी सरकारच्या अमदानीत. १८२७ ते १८३० या काळात मुंबईचा गव्हर्नर असलेल्या सर जॉन माल्कमने महाबळेश्वरी आरोग्यस्थान वसवले, ज्याची पेठ त्याच्या नावाने मालकमपेठ म्हणून ओळखली जाऊ लागली. आणि तिथल्या तुरुंगात पूर्वेकडच्या सामुद्रधुनी-वसाहतींतून आणून ठेवलेल्या चिनी आणि मलायी कैद्यांनी डोंगराच्या थंड उतारांवर साहेबांच्या मेजासाठी विलायती भाज्यांचे आणि बटाट्याचे मळे पिकवले. आपल्या उपवासाच्या ताटातल्या सर्वांत सात्त्विक भाजीच्या पूर्वपीठिकेत काळ्या पाण्याहून उलट्या दिशेने आलेले हे चिनी बंदिवान उभे आहेत, ही गोष्ट फारशी कोणाच्या ध्यानात नसते. तो तुरुंग १८६४ साली बंद झाला. तोवर बटाटा घाट उतरला होता. पुढे खेड, जुन्नर, मंचर या पट्ट्याने त्याला आपलासा केला, आणि आज आंबेगाव तालुक्यातल्या सातगाव पठारावर पावसाळी बटाट्याच्या सरी पाहणाऱ्याला हे पीक परके होते यावर विश्वास ठेवणे जड जाते.

उपवासात त्याचा शिरकाव झाला तो धर्मशास्त्राच्या एका मोकळ्या दारातून. व्रताच्या दिवशी वर्ज्य ते धान्य; कंदमूळ हे तर ऋषिमुनींचे अन्न, मग ते दंडकारण्यातले की पेरूमधले याची चौकशी कोण करणार? रताळे त्या दारातून आधी आत गेलेले होतेच, बटाटा त्याच्या मागोमाग गेला. आणि दाणे, मिरची, राजगिरा, अलीकडे सालेमकडच्या टॅपिओकापासून होणारा साबुदाणा असा बाकीचा सारा अमेरिकी गोतावळाही त्याच वाटेने आत आला. शेजारच्या जैन कुटुंबात मात्र नेमकी उलटी आज्ञा. कंदात अनंत जीव असतात म्हणून तिथे हे दोघेही वर्ज्य. भिंतीच्या एका बाजूला जे पुण्यप्रद, तेच दुसऱ्या बाजूला निषिद्ध, आणि दोन्ही घरे एकमेकांकडे विरजण मागायला जात.

आता तराजूची गोष्ट. तो घडवण्याचा पहिला मान जातो एका इजारदाराकडे. आंत्वान लाव्हॉझिए हा फ्रान्सच्या राजाचा महसूल मक्त्याने वसूल करणाऱ्या मंडळींपैकी एक. दिवसा जकातीचे हिशेब आणि सकाळ-संध्याकाळ रसायनशास्त्र असा त्याचा नेम. लाप्लास या गणितज्ञाच्या साहाय्याने त्याने १७८२-८३ च्या हिवाळ्यात बर्फाने वेढलेल्या भांड्यात एक गिनिपिग ठेवला, त्याच्या अंगच्या उष्णतेने किती बर्फ वितळते ते मोजले, तितकेच बर्फ वितळवण्यास किती कोळसा जाळावा लागतो त्याच्याशी ते ताडून पाहिले, आणि श्वसन हे एक प्रकारचे मंद ज्वलनच होय असा निष्कर्ष काढला. इजारदाराच्याच बुद्धीला सुचावा असा हा जमाखर्च होता. राज्यक्रांतीने १७९४ साली त्याचे शिर उडवले ते शास्त्रज्ञ म्हणून नव्हे, इजारदार म्हणून.

'कॅलरी' हा शब्द पुढे पॅरिसमध्ये निकोला क्लेमां याच्या व्याख्यानांतून रूढ झाला, आणि तोही वाफेच्या यंत्रांच्या संदर्भात. एक लिटर पाण्याचे तापमान एक अंशाने वाढवण्यास लागणारी उष्णता, एवढाच त्याचा अर्थ. माणसाच्या ताटावर तो येऊन बसला अमेरिकेतल्या विल्बर ॲटवॉटर याच्यामुळे. म्यूनिक येथे जर्मन आचार्यांजवळ शिकून आलेल्या या प्राध्यापकाने १८९० च्या दशकात एक कोठडी बांधवली. माणसाने तीत राहावे, खावे, झोपावे, सायकलचे पायटे मारावे, आणि भिंतींतून वाहणाऱ्या पाण्याने त्याच्या अंगची उष्णता उचलून तिची नोंद द्यावी, अशी योजना. दुसरीकडे पोलादी भांड्यात प्राणवायू कोंडून, त्यात वाळवलेल्या अन्नाची चिमूट ठेवून, विजेच्या तारेने ती क्षणात भस्म करायची आणि बाहेरचे पाणी किती तापले ते पाहायचे. शरीरातून न पचता बाहेर जाणारा भाग वजा घालून त्याने जे गुणक ठरवले, ते आजही जगभरच्या वेष्टनांवर छापलेल्या उष्मांकांच्या मुळाशी आहेत: प्रथिनांच्या ग्रॅमला ४, पिष्टाच्या ग्रॅमला ४, स्निग्धाच्या ग्रॅमला ९.

ॲटवॉटरचा सारा रोख मजुराच्या संसाराकडे होता. पंचवीस सेंट खर्चले तर कोणत्या अन्नातून किती पोषण पदरात पडते, याचे तक्ते त्याने छापले. आणि त्या हिशेबात हिरव्या भाज्या व फळे ही गरिबाने करू नये अशी उधळपट्टी ठरली, कारण पैशाला उष्मांक त्यांत फारच थोडे. जीवनसत्त्व ही वस्तू तेव्हा कोणाला ठाऊक नव्हती. ते नावच १९१२ साली जन्माला आले. म्हणजे ज्याने मोजण्याचे माप दिले त्यानेच त्या मापाने पालेभाजीला पंक्तीतून उठवले. त्याला मी दोष देत नाही. तराजूच्या पारड्यात जे ठेवता येत नाही, ते तराजूवाल्याला दिसत नाही.

आपल्या देशाने हा तराजू आधी दुष्काळात पाहिला, नाव न कळता. १८७७ च्या आरंभी, दख्खन आणि मद्रास इलाखा उपासमारीने होरपळत असता, दुष्काळाच्या पाहणीस नेमलेला अधिकारी सर रिचर्ड टेंपल याने दुष्काळी कामावरच्या मजुराचा रोजमुरा दिवसाला एक पौंड धान्य आणि वर चिल्लर, एवढ्यावर आणून ठेवला. आजच्या कोष्टकाने तेवढ्या धान्याचे उष्मांक काढले तर ते साधारण दीड हजाराच्या आसपास भरतात, आणि त्यावर खडी फोडायची होती. मद्रासच्या आरोग्यखात्याचा प्रमुख डॉक्टर कॉर्निश याने धान्य वाढवा, सोबत डाळ आणि भाजीपाला द्या, असा आग्रह धरला. इकडे मुंबई इलाख्यात मजुरांनी कामे टाकून दिली आणि पुण्याच्या सार्वजनिक सभेने त्यांची कैफियत सरकारदरबारी लावून धरली. पोषणशास्त्राचे पाठ्यपुस्तक लिहिले जाण्यापूर्वीच त्यातला मुख्य वाद, नुसती ऊर्जा पुरे की अन्नात आणखी काही लागते, हा खडीच्या ढिगाऱ्यावर लढला गेला होता.

त्यानंतरची हकीकत नीलगिरीतल्या कुन्नूरच्या प्रयोगशाळेची. रॉबर्ट मॅकॅरिसन या डॉक्टराने तिथे उंदरांना निरनिराळ्या प्रांतांतल्या लोकांचे जेवण घालून पाहिले, आणि पंजाबी शीखाच्या पोळी-दूध-भाजीवर वाढलेले उंदीर दक्षिणेतल्या भातखाऊ आहारावरच्या उंदरांहून किती धष्टपुष्ट होतात ते दाखवले. त्याच्या मागून आलेल्या ॲक्रॉइडने १९३७ साली हिंदी अन्नपदार्थांच्या पोषणमूल्यांची पुस्तिका प्रसिद्ध केली. १९५८ साली ती प्रयोगशाळा हैदराबादेस हलली, आणि तिथून निघालेल्या गोपालन प्रभृतींच्या पुस्तकाने घराघरातल्या आहाराच्या हिशेबाला दप्तर मिळवून दिले.

त्या दप्तरात आपले दोघे असे उभे आहेत. शंभर ग्रॅम बटाटा: उष्मांक ९७, प्रथिने १.६ ग्रॅम. शंभर ग्रॅम रताळे: उष्मांक १२०, प्रथिने १.२ ग्रॅम. वजनास वजन लावले तर रताळे सरस, आणि आजीचे 'जड' एका परीने खरे. परंतु उष्मांकास उष्मांक लावा, म्हणजे दोघांकडून शंभर-शंभर उष्मांकच घ्या. त्यासाठी बटाटा सुमारे १०३ ग्रॅम लागेल आणि रताळे ८३. आता बटाट्याच्या पदरात प्रथिने १.६५ ग्रॅम आणि रताळ्याच्या पदरात अवघा १. क जीवनसत्त्वाच्या बाबतीत मात्र रताळे किंचित पुढे. अंगमेहनतीच्या माणसाला दिवसाचे २,४०० उष्मांक लागतात असे धरून ते एकाच कंदातून भागवायचे म्हटले, तर रताळी दोन किलो आणि बटाटे सुमारे अडीच किलो. दोन किलो रताळ्यांतून २४ ग्रॅम प्रथिने मिळतील, अडीच किलो बटाट्यांतून ४० च्या घरात. बटाट्याचे हे छुपे बळ वॉर्सा येथील कॉन आणि क्लाइन या संशोधकांनी १९२८ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगाने सिद्ध झाले. एक स्त्री आणि एक पुरुष १६७ दिवस जवळजवळ निव्वळ बटाट्याच्या प्रथिनांवर राहिले आणि त्यांच्या शरीराचा नत्राचा, म्हणजे प्रथिनांच्या जमाखर्चाचा, ताळेबंद तुटीत गेला नाही. अर्थात आमच्या ज्वारीपुढे दोघांनीही मान खाली घालावी. तेच २,४०० उष्मांक देणाऱ्या सुमारे ६९० ग्रॅम ज्वारीतून ७० ग्रॅमहून अधिक प्रथिने मिळतात.

याच रीतीने पालकाला आणून उभे करा म्हणजे या तराजूची गंमत कळेल. शंभर ग्रॅम पालकात उष्मांक २६ आणि प्रथिने २ ग्रॅम. म्हणजे शंभर उष्मांकांमागे प्रथिने साडेसात ग्रॅमहून जास्त, आणि बटाटा-रताळ्याची दाणादाण! पण ते शंभर उष्मांक मिळवायला जवळजवळ चारशे ग्रॅम पाला शिजवावा लागतो, आणि दिवसाचे २,४०० भरायला सव्वानऊ किलो. एवढा पाला बैल खाईल. ज्याला पोटभर मिळते आणि वजन उतरवायचे आहे, त्याने उष्मांकास उष्मांक लावून भाजी निवडावी; ज्याच्या हंडीत संध्याकाळी काही पडेल की नाही याचीच भ्रांत आहे, त्याला हा हिशेब सांगणे हा अपराध आहे.

हा भेद आपल्याच पुण्यात एका मोठ्या वादाचा विषय झाला होता. १९७१ साली अर्थशास्त्रज्ञ वि. म. दांडेकर आणि नीळकंठ रथ यांनी माणशी दररोज २,२५० उष्मांक हे माप धरून देशातल्या दारिद्र्याची रेषा आखली. सातारा जिल्ह्यातल्या बुध गावी जन्मलेले आणि रोमला जागतिक अन्नसंघटनेत संख्याशास्त्राचा कारभार पाहून आलेले पां. वा. सुखात्मे यांनी त्या मापालाच हात घातला: एकाच माणसाची गरज दिवसादिवसाला बदलते, शरीर काही मर्यादेत जुळवून घेते, तेव्हा सरासरीच्या खाली दिसणारा प्रत्येक जण उपाशीच असे म्हणता येत नाही. दांडेकरांनी त्याला तितकेच कडक उत्तर दिले. दोघेही मराठी, दोघेही संख्येचे उपासक, आणि दोघांच्या मधे पडलेला तो लाव्हॉझिएचा वितळलेला बर्फ. मला स्वतःला दांडेकरांची बाजू जवळची वाटते. शरीर जुळवून घेते हे खरे, पण ते कशाची किंमत देऊन घेते, याचा रकाना तक्त्यात नसतो.

रताळ्याचा एक दावा राहिला. परदेशी आहारतज्ज्ञांचे लेख वाचून हल्ली पुष्कळ गृहिणी बटाटा सोडून रताळ्याकडे वळल्या आहेत, कारण त्यात अ जीवनसत्त्वाचा साठा असतो असे त्यांनी वाचलेले असते. ते खरेच आहे, पण त्या देशांतल्या नारिंगी गराच्या रताळ्याबद्दल, ज्याच्या शंभर ग्रॅमांत कॅरोटीनचे मायक्रोग्रॅम हजारांनी मोजावे लागतात. हैदराबादच्या कोष्टकात आपल्या पांढऱ्या गराच्या रताळ्याच्या नावापुढे तोच आकडा ६ आहे. बटाट्याच्या २४ पेक्षाही कमी. नाव एकाचे, गुण दुसऱ्याचे; रक्तालूच्या वतनाचा जुना तंटा नव्या रूपाने पुन्हा दारात आला म्हणायचा. तिरुवनंतपुरमच्या कंदपीक संशोधन संस्थेने 'भू सोना' सारखे नारिंगी वाण काढले आहेत, पण ते अद्याप आमच्या मंडईत माझ्या पाहण्यात आलेले नाहीत.

यंदा शिवरात्रीला मी त्याच गाळ्यावर गेलो आणि विक्रेत्या बाईंना मोठ्या शहाणपणाने विचारले, आतून केशरी असलेले आहे का? त्यांनी माझ्याकडे नीट पाहिले, पोत्यातून एक लांबट रताळे उचलले, ओल्या फडक्याने पुसले आणि अंगठ्याच्या नखाने साल किंचित खरवडली. आत चिकाचा थेंब आला, आणि त्याखाली शुभ्र गर. "पांढरंच निघणार, काका," त्या म्हणाल्या, "पण करमाळ्याचं आहे, गोड लागंल. किती देऊ?" मी अर्धा किलो रताळी आणि अर्धा किलो बटाटे घेतले. पारडे सारखे झाल्यावर त्यांनी ते खरवडलेले रताळे वर टाकले आणि त्याचे पैसे धरले नाहीत.